आधी फोन, मग पणत्या: दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी संस्थेसाठी पैसे उभे करायचे तर

दरवर्षी धनत्रयोदशीच्या एक-दोन दिवस आधी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर यायला लागतात. ‘हाताने रंगवलेल्या पणत्या, सर्व रक्कम अनाथाश्रमाला.’ कुठल्या अनाथाश्रमाला ते पोस्टरवर नसतं, कारण ते अजून ठरलेलंच नसतं. तोवर सगळ्यांची पणत्यांची खरेदी उरकलेली असते. चार शेजारी भिडेखातर घेतात, उरलेला माल माळ्यावर जातो आणि जमलेले अकराशे रुपये आईच्या पर्समधल्या पैशांत मिसळून जानेवारीपर्यंत तिथेच राहतात.

हे आमच्याच घरी झालेलं आहे, म्हणून सांगते. मुलं मनापासून राबतात, पण क्रम उलटा असतो: आधी वस्तू, मग विक्री, मग हिशेब आणि सगळ्यात शेवटी संस्था. खालचा क्रम संस्थेपासून सुरू होतो. नऊ ते तेरा वर्षांचं मूल, सोबत पालक आणि एखादी सोसायटी किंवा वाडा एवढाच आवाका धरला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरी एखादी वस्तू विकायची असेल, तरी पहिले तीन टप्पे हेच.

आधी दिवस मोजा

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवसांवर असतं. त्यातच कोजागरी आणि शाळेची सहामाही परीक्षा. सुट्टी लागते तेव्हा विक्रीचे दिवस संपत आलेले असतात आणि निम्मी सोसायटी गावाला निघालेली असते. त्यामुळे सुट्टीत फक्त उरलेलं रंगकाम, वाटप आणि पैसे पोचवणं ठेवायचं. बोलणी नवरात्रात, नमुने दसऱ्याच्या आसपास, ऑर्डर कोजागरीला. परीक्षेच्या आठवड्यात काहीही नाही. हे वेळापत्रक फ्रिजवर लावा आणि ते मुलालाच लिहू द्या.

टप्पा १: संस्था ठरवा आणि तिला फोन करा (नवरात्र)

मदत कुणाला करायची म्हटलं की आनंदवन किंवा हेमलकसा अशी मोठी नावं पटकन सुचतात. तिथे पैसे पाठवण्यात गैर काहीच नाही. पण पहिल्यांदा करणाऱ्या मुलासाठी मी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरची संस्था सुचवेन: वृद्धाश्रम, दृष्टिहीन मुलांचं वसतिगृह, भटक्या कुत्र्यांवर उपचार करणारं केंद्र, वस्तीतली अभ्यासिका. मुलाला ती जागा डोळ्यांनी बघता आली, की दारोदार काय सांगायचं ते पाठ करून घ्यावं लागत नाही.

फोन पालकांनी लावायचा, पण स्पीकरवर. निदान एक प्रश्न मुलाने विचारायचा. विचारायच्या गोष्टी या:

- तुम्हाला आत्ता नक्की कशाची गरज आहे? पैसे, वस्तू की माणसं?
- साधारण तीन-चार हजार रुपये आले तर ते कशाला लागतील?
- संस्थेचं नाव आमच्या पत्रकावर घालायला तुमची हरकत आहे का? नसेल तर दोन ओळींचा मेसेज पाठवाल का?
- पैसे कोणत्या खात्यात घेता? पावती कधी मिळते?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही काही न विचारता लाडू-चिवड्याची पाकिटं घेऊन एका वृद्धाश्रमात गेलो. तिथल्या मावशींनी कौतुकाने घेतली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. दार उघडं होतं. आत आधीच फराळाचे डबे भिंतीला लागून छातीएवढे रचलेले होते. घरी येताना लेक म्हणाली, “आई, त्यांना डायपर हवे होते. ती ताई फोनवर कुणाला तरी सांगत होती.” दिवाळीत अशा ठिकाणी गोडधोडाचा पूर येतो, आणि डायपर, औषधं, विजेचं बिल बाराही महिने असतं.

तपासा: संस्थेचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक घ्या (बहुतेक ‘ई’ किंवा ‘एफ’ने सुरू होतो आणि पुढे जिल्ह्याचं नाव असतं). बँक खातं संस्थेच्याच नावाचं हवं. “सध्या माझ्या पर्सनल नंबरवर टाका” असं कुणी म्हणालं तर संस्था बदला, मग माणूस कितीही ओळखीचा असो.

टप्पा २: एक आकडा, एक वाक्य

‘जमेल तेवढं देऊ’ म्हटलं की मुलाला कुठे थांबायचं ते कळत नाही आणि शेजाऱ्याला किती द्यायचे ते कळत नाही. संस्थेशी बोलून आकडा ठरवा आणि तो एका वाक्यात बसवा: “वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांच्या डायपरसाठी ३,६०० रुपये जमवतोय.” एवढंच.

आता हा आकडा वेळेच्या कसोटीवर घासून बघा, कारण इथेच बहुतेकांचं गणित फसतं. आई-बाबा उत्साहात पाचशे पणत्या आणतात. दोन हात रंग आणि वर थोडी नक्षी धरली, तर मुलाला एका पणतीला आठ मिनिटं सहज लागतात. म्हणजे पाचशे पणत्यांना ६६ तासांहून जास्त! ते मूल करत नाही. रात्री अकरानंतर आई करते, आणि मग पोस्टरवरचं ‘मुलांनी रंगवलेल्या’ खोटं ठरतं. १२० पणत्यांना १६ तास लागतात. दोन रविवार आणि सुट्टीचे पहिले दोन-तीन दिवस यांत दोघी मैत्रिणी मिळून हे आरामात करतात.

उदाहरणादाखल हिशेब:

- चार पणत्यांचा एक संच, असे ३० संच, १२० रुपयांना एक: ३,६०० रुपये
- साध्या पणत्या १३५ (फुटतुटीसाठी १५ जास्त), समजा ४ रुपयांना एक: ५४० रुपये
- रंग, ब्रश, प्रायमर: ५०० रुपये
- कागदी खोके, सुतळी: ३०० रुपये
- खर्च १,३४० रुपये, हातात उरतात २,२६० रुपये

खर्च कोण करणार हे आजच ठरवा. आई-बाबा करणार असतील तर ‘सर्व रक्कम संस्थेला’ असं लिहा आणि पूर्ण ३,६०० द्या. विक्रीतून वजा करणार असाल तर ‘खर्च वजा जाता उरलेली रक्कम’ असं लिहा. दोन्ही चालतं. पहिलं लिहून दुसरं करणं चालत नाही.

टप्पा ३: परवानगी आणि पैशांची वाट

सोसायटीच्या सेक्रेटरींना मेसेज करा: कोणत्या तारखांना, किती वाजता, लॉबीत टेबल की घरोघर. वॉचमनकाकांनाही सांगा, नाहीतर दुसऱ्या विंगच्या जिन्यात तेच आधी अडवतात.

वस्तू विकून आलेले पैसे देणं आणि पावतीपुस्तक छापून वर्गणी मागत फिरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळांनाही वर्गणीआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली परवानगी घ्यावी लागते. म्हणून मुलांच्या नावाने पावतीपुस्तकं छापू नका, डबा वाजवत रस्त्यावर फिरवू नका. स्काउट-गाइडमध्ये याला ‘खरी कमाई’ म्हणतात: काम करायचं, त्याचे पैसे घ्यायचे. ती चौकट सोडू नका.

खाद्यपदार्थही शक्यतो टाळा. घरगुती फराळ विकायला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, आणि कुणाचं पोट बिघडलं तर ते मूल वर्षभर ऐकत बसेल. उटणं मला स्वतःला आवडतं, पण कुणाच्या त्वचेला नागरमोथा चालत नाही, कुणाला आंबेहळद. पणती बरी.

पैसे कसे येणार? मुलाचा क्यूआर कोड नसतो, आईचा किंवा बाबांचा असतो. दोघांपैकी एकाचाच वापरा आणि शक्यतो फारसं न वापरलेलं खातं निवडा. देणाऱ्याला शेऱ्यात ‘पणती’ आणि फ्लॅट नंबर लिहायला सांगा. रोख रकमेसाठी झाकणाचा एक स्टीलचा डबा. त्यात सुरुवातीला दहा-वीसच्या नोटा मिळून २०० रुपये सुट्टे ठेवा आणि वहीच्या पहिल्या ओळीत लिहा: ‘सुट्टे, आईचे, २००.’

सावधान: “यावर ८०-जी (देणगीवरची करसवलत) मिळेल का?” असं एखादे काका विचारतातच. उत्तर ‘नाही’. ते पणत्या विकत घेताहेत, देणगी देत नाहीत. कुणाला करसवलत हवी असेल तर त्यांनी थेट संस्थेला द्यावं, आपला पॅन द्यावा आणि संस्थेकडून पावती व प्रमाणपत्र घ्यावं. तिथेही २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीत धरली जात नाही, आणि नवीन करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत मुळातच नाही.

सावधान: न्यू जर्सीची आत्या लगेच “मी शंभर डॉलर पाठवते” म्हणते. ती परदेशी नागरिक असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तिची देणगी फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेला घेता येते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. तुमच्या खात्यात घेऊन पुढे ढकलू नका. आत्याला संस्थेचा नंबर द्या, पुढचं ती आणि संस्था बघतील.

टप्पा ४: सहा नमुने (दसऱ्याच्या आसपास)

सगळा माल रंगवण्याआधी सहाच पणत्या पूर्ण करा. साध्या पणत्या कुंभारवाड्यातून आणा. पुण्यात कसब्यात, मुंबईत धारावीत, आणि बहुतेक जुन्या गावांत एखादी कुंभारआळी असतेच. मुलाला सोबत न्या. पणती बोटाच्या पेराने वाजवून बघायची: ‘टण्’ वाजली तर चांगली, ‘बद्’ वाजली तर तडा असतो. हे एकदा कळलं की लेक १३५च्या १३५ वाजवून घेते. मागे रांग लागली तरी चालेल.

घरी आल्यावर:

१. पणत्या बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवा. बुडबुडे येतील, धूळ निघेल, बारीक तडे दिसतील.

२. दोन दिवस पूर्ण वाळवा. परतीचा पाऊस असेल तर तीन. ओल्या मातीवर दिलेला रंग आठवड्यात पापड्यांसारखा सुटतो.

३. बाहेरून पांढरा प्रायमर, तो वाळला की ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. आतली बाजू आणि वात टेकते ती चोच कोरीच ठेवा.

४. टिकल्या, आरसे, लेस मागच्या बाजूला आणि मोजकेच. चोचीजवळ काही चिकटवू नका. वरून व्हार्निश नको.

तपासा: एक नमुना खरोखर पेटवा. दोन चमचे तेल, वात, खाली ताटली (वर्तमानपत्र नको), आणि समोर मोठं माणूस. तासभर जळू द्या. रंगाला फोड आले, वास सुटला किंवा चिकटवलेलं काही घसरलं, तर रंग किंवा नक्षी बदला. ही चाचणी टाळून ३० घरांत पणत्या पोचवू नका. थोडं तेल पाझरणं मातीचा गुण आहे. त्यासाठी प्रत्येक खोक्यात मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी घाला: ‘खाली ताटली ठेवा. पडद्यापासून लांब लावा.’

टप्पा ५: ऑर्डर घ्या (कोजागरी)

कोजागरीला मसाला दुधासाठी सगळी सोसायटी गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये जमते. पोस्टर टाकून वाट बघण्यापेक्षा ही एक रात्र भारी पडते. नमुन्याच्या चार पणत्या, संस्थेचा मेसेज छापलेला कागद आणि वही घेऊन मुलाने बसायचं. ऑर्डर लिहायची, पैसे घ्यायचे नाहीत. पैसे वस्तू देताना.

बोलायचं काय याचा सराव घरी आजी-आजोबांसमोर करा. आमच्याकडे ठरलेलं हे:

“नमस्कार काकू, मी बी विंगमधली. मी आणि माझी मैत्रीण पणत्या रंगवतोय. चार पणत्यांचे १२० रुपये. ते सगळे वृद्धाश्रमाच्या डायपरसाठी देणार आहोत. तुम्हाला हव्यात का?”

‘नको’ आलं तर “बरं काकू” म्हणून पुढच्या घरी. बाजूला उभ्या असलेल्या आईने “अगं घे ना, चांगल्या कामासाठी आहे” असं म्हणायचं नाही. मी ते एकदा म्हटलंय. त्या काकूंनी घेतल्या, पण त्यानंतर महिनाभर लिफ्टमध्ये मला बघून त्यांचं लक्ष मोबाइलकडेच असायचं.

ऑर्डर ३० संचांवर थांबवा. “अजून दहा कर ना” अशी गळ घालणाऱ्यांना पुढच्या वर्षीचं सांगा. नमुन्याच्या सहा पणत्या विकू नका, त्या घरी लावायला ठेवा.

सावधान: ग्रुपवर टाकायच्या पत्रकात मुलाचा फोटो, शाळेचं नाव आणि फ्लॅट नंबर तिन्ही एकत्र नकोत. पणत्यांचा फोटो आणि पालकांचा नंबर पुरे. संस्था बालगृह असेल तर तिथल्या मुलांचे फोटो अजिबात टाकायचे नाहीत. त्यांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याने मनाई आहे.

टप्पा ६: रंगकाम

याबद्दल फार सांगायला नको, मुलांना हेच येतं. फक्त वीस-वीसचे घाणे करा: वीसला प्रायमर, मग वीसला रंग, मग नक्षी. एकेक पणती पूर्ण करत बसलात तर ब्रश धुण्यातच वेळ जातो. वाळवायला पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे फार सोयीचे. वाटपालाही तेच. वाकडी रेघ आईने नीट करायची नाही.

टप्पा ७: वाटप आणि पैसे (वसुबारसेपर्यंत)

संध्याकाळी सहा ते आठ. दोन मुलं एकत्र, मोठं माणूस त्याच मजल्यावर. घराच्या आत जायचं नाही, अगदी ओळखीच्या आजोबांनी “ये, चकली खा” म्हटलं तरी. “आई खाली थांबलीय” हे वाक्य शिकवून ठेवा.

आधी खोका द्या, मग पैसे घ्या, मग तिथेच दारात वहीत लिहा. वहीचे रकाने: तारीख, फ्लॅट, संच, रक्कम, रोख की युपीआय, आणि शेवटी बरोबरची खूण. युपीआय असेल तर पैसे आल्याचा मेसेज आईच्या फोनवर दिसल्यावरच खूण. “पाठवले हं” यावर नाही.

कुणी ५०० रुपये देऊन “उरलेले ठेव” म्हणालं तर? संचाचे १२० एका ओळीत, ३८० दुसऱ्या ओळीत ‘जादा’ म्हणून. त्या पैशांतून रंगाचा खर्च भागवायचा नाही.

टप्पा ८: रोज रात्री जुळणी

दहा मिनिटांचं काम, पण हे चुकलं की सगळं चुकतं. डब्यातली रोख मोजायची, त्यातून सुट्ट्यांचे २०० वजा करायचे, वहीतल्या ‘रोख’ रकान्याची बेरीज तेवढीच आली पाहिजे. युपीआयची बेरीज फोनमधल्या नोंदींशी ताडायची.

गेल्या वर्षी आमच्या डब्यात १४० रुपये कमी आले. लेक रडकुंडीला आली, तिला वाटलं तिच्याकडूनच पडले. वही तीनदा तपासली. शेवटी तिचे बाबा स्वयंपाकघरातून ओशाळवाण्या चेहऱ्याने बाहेर आले. सकाळी कोथिंबीरवाल्याला सुट्टे नव्हते, म्हणून त्यांनी ‘फक्त दोन मिनिटांसाठी’ डब्यातून घेतले होते. त्या रात्री तिने डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं: ‘हे आपले पैसे नाहीत.’ ती पट्टी अजून आहे.

टप्पा ९: पैसे पोचवा (भाऊबीजेनंतरचा आठवडा)

रोख रक्कम आधी पालकांच्या खात्यात भरा आणि पूर्ण आकडा एकाच व्यवहारात संस्थेच्या खात्यावर पाठवा. शेऱ्यात मुलाचं नाव आणि कारण लिहा. मग फोन करून वेळ घ्या आणि मुलाला घेऊन प्रत्यक्ष जा. न सांगता जाऊ नका. जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा टाळा.

पावती ज्या खात्यातून पैसे गेले त्या नावाने येईल, म्हणजे तुमच्या. तिच्यावर करसवलत मागायची का, हा प्रश्न येतो. माझं मत: मागू नये, ते पैसे तीस घरांचे आहेत. संस्थेला मुलाच्या नावाने दोन ओळींचं पत्र मागा. बहुतेक जण आनंदाने देतात.

तिथे गेल्यावर धनादेशाचा पुठ्ठा हातात धरून वृद्धांच्या मधोमध फोटो काढायचा मोह होतो. पावतीचा फोटो काढा.

टप्पा १०: हिशेब ग्रुपवर

सुट्टी संपायच्या आत, ज्या ग्रुपवर पत्रक टाकलं होतं तिथेच टाका. मजकूर मुलाने लिहायचा. साधारण असा:

“नमस्कार. ३० संच गेले, ३,६०० रुपये आले. दोन घरांनी मिळून ५३० जादा दिले. एकूण ४,१३० रुपये संस्थेला पाठवले, पावती सोबत आहे. रंग-पणत्यांचा खर्च आई-बाबांनी केला. ९ पणत्या फुटल्या, ६ उरल्या. धन्यवाद.”

पावतीवरचा पॅन आणि खाते क्रमांक झाकून मगच फोटो टाका. फुटलेल्यांचा आकडाही लिहा. लोक तोच आधी वाचतात आणि हसतात, आणि पुढच्या नवरात्रात “यंदा कधी घेणार ऑर्डर?” असं स्वतःहून विचारतात.

वही फेकू नका. शेवटच्या पानावर मुलाला पुढच्या वर्षासाठी तीन ओळी लिहायला सांगा. आमच्या वहीत आहे: ‘निळा रंग कमी आणणे. सी विंगला लिफ्ट बंद असते. बाबांना डबा दाखवू नये.’